एका नाइटची थकबाकी

दिवस पहिला : लंडन

बँकेच्या कर्जविभागात एकतीस वर्षं काढल्यावर सवय जडते. कुणाचंही नाव निघालं की आधी मनात येतं, या माणसाचं देणं किती आणि येणं किती. त्यामुळे लेकीने गेल्या हिवाळ्यात पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या पास्टन घराण्याच्या पत्रांचा निवडक संग्रह पाठवला, तेव्हा मी त्या पास्टनांपेक्षा त्यांच्या एका श्रीमंत, म्हाताऱ्या, खवट नातलगात अडकले. सर जॉन फास्टॉल्फ. जन्म १३८०, मृत्यू १४५९. फ्रान्सच्या लढायांत पंचवीसेक वर्षं काढलेला इंग्लिश नाइट. पण पत्रांत हा माणूस तलवारीबद्दल फारसं बोलतच नाही. बोलतो ते भाडं, कुळं, वकील, वसुली आणि राजाकडे अडकलेल्या पैशांबद्दल. म्हटलं, हा तर आपल्या ओळखीतला निघाला.

लेक नॉरिचला नोकरीला आहे. तिच्याकडे जायचंच होतं, तर वाटेत फास्टॉल्फची लंडनची जागा बघून जाऊ, असा माझा हट्ट. आमचे हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एवढंच की, बांधकाम शिल्लक असेल तर येतो.

बांधकाम शिल्लक नव्हतं. नकाशावर साउथवर्क लिहितात आणि तोंडाने सदक म्हणतात, त्या भागात थेम्सच्या दक्षिण काठावर, टॉवर ऑफ लंडनच्या बरोबर समोर त्याचा वाडा होता. आज तिथे हिरवळ, काचेच्या इमारती आणि आइस्क्रीम खाणारी मुलं. पण जागेचा हिशेब तिथे उभं राहिल्यावरच कळतो. समोर राजाचा किल्ला, मध्ये नदी, मालाच्या होड्या थेट दारात. १४५० मध्ये जॅक केडच्या बंडखोरांनी लंडनवर चाल केली, तेव्हा फास्टॉल्फने या वाड्यात नॉर्मंडीहून परतलेले जुने शिपाई भरले. बंडखोरांच्या मागण्या काय आहेत ते बघून ये, म्हणून पेन नावाच्या नोकराला त्यांच्या छावणीत पाठवलं. पेनचं मुंडकं उडता उडता राहिलं. मग साहेबांनी विचार बदलला, शिपाई काढून घेतले आणि स्वतः नदीपलीकडे टॉवरमध्ये जाऊन बसले. पेनने पंधरा वर्षांनी हे सगळं पत्रात लिहून ठेवलंय, आणि त्यात आपल्या लुटलेल्या कपड्यांची आणि चिलखताची यादीही दिली आहे. मालक तसे नोकर.

फास्टॉल्फ गेल्यावर वर्षभराने, १४६० च्या शरदात, यॉर्कची डचेस आपल्या दोन लहान मुलांना घेऊन इथे उतरली होती. ती स्वतः नवऱ्याला भेटायला पुढे गेली आणि मुलं मागे राहिली. थोरला भाऊ एडवर्ड त्यांना भेटायला रोज येई. हा पुढे चौथा एडवर्ड झाला. आणि मागे राहिलेल्या त्या दोघांतला धाकटा म्हणजे तिसरा रिचर्ड. हिरवळीवर उभं राहून हे सांगितलं तर यांनी विचारलं, “भाडं घेतलं का?” पत्रात तसं काही नाही.

दिवस दुसरा : नॉरिच

लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडीने सुमारे दोन तास. लेक स्टेशनवर आली होती. जेवण आटोपून दुपारी गावात.

नॉरिच हे त्या काळी इंग्लंडमधल्या मोठ्या शहरांपैकी एक. लोकरीचा पैसा इतका की, एकेका गल्लीला एकेक चर्च. कॅथीड्रलच्या आवारात शिरताना अर्पिंगम गेट लागतं. कमानीवरच्या कोनाड्यात गुडघे टेकलेला, हात जोडलेला एक छोटासा दगडी माणूस आहे. तो सर टॉमस अर्पिंगम, १४१५ च्या अजिंकूरच्या लढाईत धनुर्धाऱ्यांची रचना करणारा. पिकल्या केसांच्या या म्हाताऱ्याने हातातला दंडुका हवेत भिरकावला आणि बाण सुटले, असं बखरकार सांगतात. फास्टॉल्फ त्याच मोहिमेत होता, आर्फ्लरच्या वेढ्यात, दहा हत्यारबंद स्वार आणि तीस धनुर्धारी घेऊन. तेव्हा तो नाइट नव्हताच. ‘सर’ ही पदवी त्यानंतर लवकरच मिळाली.

हे दहा आणि तीस आकडे कुठून येतात, ते मला फार आवडलं. राजा आणि कप्तान यांच्यात करार होई. एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहायचा आणि मधोमध दातेरी रेघेत कापायचा. एक तुकडा राजाच्या खजिन्यात, दुसरा कप्तानाकडे. भांडण झालं की दाते जुळवून बघायचे. खोटा कागद करणाऱ्याची पंचाईत! दर ठरलेले (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड) : नाइटला दिवसाला दोन शिलिंग, साध्या हत्यारबंद स्वाराला एक शिलिंग, धनुर्धाऱ्याला सहा पेन्स. पण या पगारावर कुणी वाडे बांधत नसे. खरी कमाई खंडणीत. शत्रूचा सरदार जिवंत धरायचा आणि त्याच्या घरच्यांकडून पैसे आल्यावर सोडायचा. शिपायाने मिळकतीचा तिसरा हिस्सा कप्तानाला द्यायचा आणि कप्तानाने आपला तिसरा हिस्सा राजाला. १४२४ मध्ये व्हेर्नुईच्या लढाईत आलाँसाँचा ड्यूक हाती लागला, त्यात फास्टॉल्फचा वाटा होता. त्या वाट्याची पूर्ण रक्कम आपल्याला मिळाली नाही, हे तो मरेपर्यंत उगाळत राहिला. माझ्या टेबलासमोर असे खातेदार बसलेले मी पाहिलेत. रकमेपेक्षा तिची आठवण मोठी झालेली असते.

पहिलं भांडवल मात्र लढाईतलं नव्हतं, लग्नातलं होतं. १४०९ च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये त्याने मिलिसेंट स्क्रोप या विधवेशी लग्न केलं. तिच्या नावावर विल्टशरमधलं कासल कूम आणि आणखी जमिनी. तिच्या खासगी खर्चासाठी वर्षाला शंभर पौंड देईन, असं लिहून दिलं. सभ्य वाटतं ना? पण तिला पहिल्या नवऱ्यापासून स्टीफन नावाचा मुलगा होता. त्या काळी अल्पवयीन वारसाचं पालकत्व विकता येई, कारण त्याच्याबरोबर त्याचं लग्न ठरवण्याचा हक्कही जाई. फास्टॉल्फने या पोराचं पालकत्व न्यायाधीश गॅस्कॉइन यांना पाचशे मार्कांना (एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड) विकलं आणि पुढे परत विकत घेतलं. स्टीफनने म्हातारपणी लिहिलंय, मला जनावरासारखं विकलं आणि विकत घेतलं. आणि याच स्टीफनने सावत्र बापाला वाचायला म्हणून फ्रेंचमधून पुस्तकं भाषांतरित करून दिली. हे वाक्य मी कॅथीड्रलच्या ओवऱ्यांत बसून लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आई, आपण चहा घेऊ.”

चहानंतर एल्म हिल. दगडगोट्यांची उतरती गल्ली, झुकलेली घरं. पास्टनांचं शहरातलं घर याच गल्लीत होतं. ते १५०७ च्या आगीत गेलं. वरच्या टोकाला सेंट पीटर हंगेट चर्च, ते जॉन आणि मार्गारेट पास्टनने पुन्हा बांधून घेतलेलं. या मार्गारेटबाई म्हणजे पत्रांतलं खरं रत्न. १४४८ मध्ये नवऱ्याला लिहितात, घरावर हल्ला होईल असं दिसतंय, तेव्हा आडवी धनुष्यं आणि बाण पाठवा. आणि त्याच पत्रात, एक पौंड बदाम आणि एक पौंड साखरही. रात्री मी लेकीच्या फ्रीजवर सामानाची यादी बघितली आणि हसू आलं.

दिवस तिसरा : ग्रेट यार्मथ आणि केस्टर

सकाळची गाडी. नॉरिच सोडलं की दलदल सुरू होते : सपाट, हिरवी, मध्येच पाण्याचे चर आणि पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्क्या. अर्ध्या-पाऊण तासात समुद्र.

यार्मथ हे हेरिंग माशाचं गाव. मध्ययुगात शरदात इथे हेरिंगची जत्रा भरे आणि परदेशातून होड्या येत. फास्टॉल्फचे पूर्वज याच गावचे. एका जुन्या धुरीच्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलेच. लाकडी तुळयांत मुरलेला खारवलेल्या, धुरावलेल्या मासळीचा वास. कारखाना बंद होऊन काही दशकं लोटली, वास जायला तयार नाही. “मिरकरवाडा,” हे म्हणाले. दिवसभरात त्यांनी मनापासून काढलेला पहिला उद्गार.

हेरिंगचा आणि आमच्या नाइटचा संबंध फक्त पूर्वजांपुरता नाही. १४२९ चा फेब्रुवारी. इंग्लिश फौजेने ऑर्लेआँला वेढा घातलेला, आणि उपासाचा काळ नुकताच सुरू झालेला. त्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य, मासा चालतो. मग वेढ्यावरच्या फौजेला खायला काय? खारवलेल्या हेरिंगची पिंपं. तीनशेच्या आसपास गाड्यांचा तो तांडा पॅरिसहून घेऊन निघाला होता फास्टॉल्फ. १२ फेब्रुवारीला रुव्रे गावापाशी फ्रेंच आणि स्कॉट चालून आले. त्याने गाड्यांचाच कोट केला, पुढे टोकदार खुंट रोवले आणि आत धनुर्धारी उभे केले. फ्रेंचांच्या तोफांनी पिंपं फुटून शेतभर मासे विखुरले. पण स्कॉट सरदारांना दम धरवेना, ते तोफा थांबायच्या आत घोड्यावरून उतरून धावले आणि मारले गेले. इतिहासात ही ‘हेरिंगची लढाई’. ज्याचे वाडवडील मासळीच्या बंदरावर वाढले, त्याचा सगळ्यात मोठा विजय मासळीच्या गाड्यांमागून मिळाला. मला यात काहीच हास्यास्पद वाटत नाही. रसद पोचवणं हेच तर काम होतं.

आणि चारच महिन्यांनी, १८ जूनला, पातेची लढाई. जोन ऑफ आर्कने ऑर्लेआँ सोडवलेलं, इंग्लिश माघारीवर. फास्टॉल्फ आधीपासून सांगत होता की, आत्ता लढू नका, कुमक येऊ द्या. दुसरा इंग्लिश सेनापती टॅल्बट, त्याने ऐकलं नाही. धनुर्धारी झाडीआड जागा धरत होते, खुंट अजून रोवायचे होते, तेवढ्यात एक हरीण त्यांच्यात घुसलं. शिपाई ओरडले, जवळच आलेल्या फ्रेंच टेहळ्यांना ठिकाण कळलं आणि संपलं. टॅल्बट पकडला गेला. फास्टॉल्फ सगळं हातचं गेल्यावर उरलेली माणसं घेऊन निघाला. असं लिहिणारा बखरकार वावरँ त्या दिवशी त्याच्याच तुकडीत होता. पण सुटून आल्यावर टॅल्बटने पळपुटेपणाचा आरोप केला आणि तो डाग पुसायला १४४२ उजाडलं. टॅल्बट पुढे रणात मेला, म्हणून तो वीर. दीडशे वर्षांनी शेक्सपिअरने नाटकात फास्टॉल्फला रणातून पळवलं, भर दरबारात त्याच्या पायाचं गार्टर, म्हणजे मानाच्या नाइटांनी पायाला बांधायचा पट्टा, उपटायला लावलं, आणि मग त्याच्याच नावाचे तुकडे इकडेतिकडे करून त्या ढेरपोट्या, दारुड्या फॉल्स्टाफला ते चिकटवून दिलं. या फॉल्स्टाफचा दारूचा अड्डा ‘बोअर्स हेड’ मानतात. खऱ्या फास्टॉल्फची गंमत म्हणजे सदकमध्ये त्याच्या मालकीची ‘बोअर्स हेड’ नावाची खानावळ खरोखरच होती.

दुपारी बसने केस्टर, फास्टॉल्फने स्वतःसाठी बांधलेला किल्ला बघायला. उतरून चालत निघालो. ऊन होतं, तरी वारा असा की यांची टोपी दोनदा उडाली. शेतापलीकडे आधी बुरूज दिसतो, सुमारे नव्वद फूट उंच, सडपातळ, गोल, विटांचा. जवळ गेल्यावर खंदक, त्यात शेवाळं आणि बदकं, आणि पाण्यातून सरळ वर आलेल्या भिंती. दोन बाजू बऱ्याचशा उभ्या आहेत, बाकी पडलेलं. आवारात आता जुन्या मोटारींचं संग्रहालय आहे. मी मोटारींकडे पाठ केली.

यांचा चेहरा मात्र खुलला. भिंतीला नाक लावून उभे. “विटा बघ, आपल्यापेक्षा पातळ आहेत. पण थर किती एकसारखे!” १४३२ च्या सुमारास काम सुरू झालं, तेव्हा इंग्लंडात विटांचा किल्ला ही नवी गोष्ट. दगड आसपास नाही, मातीला तोटा नाही, मग विटा इथेच भाजल्या. माल आणायला ब्यूअर नदीपासून किल्ल्यापर्यंत चर खणला. एकूण खर्च सहा हजार पौंडांच्या घरात. दिवसाला दोन शिलिंग मिळवणाऱ्या नाइटला तेवढे जमवायला किती वर्षं लागतील? यांनी फोनवर हिशेब केला : एकशे चौसष्ट. म्हणजे या भिंती फ्रान्सच्या आहेत, मेन आणि आँजूच्या कारभारातल्या, बेडफर्डच्या ड्यूकच्या दरबारातल्या, धरलेल्या माणसांच्या खंडणीतल्या. आतल्या दालनांत भिंतींवर विणलेले पडदे होते. फालेझच्या वेढ्याचं चित्र असलेला एक पडदा मृत्यूनंतरच्या यादीत नोंदलाय. म्हातारा ऐन थंडीत आपल्या तारुण्याकडे तोंड करून बसत असणार.

तो कायमचा इथे राहायला आला १४५४ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मूलबाळ नाही, बायको गेलेली. पत्रं मात्र जोरात. आपल्या हक्काला हात लावणाऱ्यांबद्दल कारभाऱ्याला त्याने पूर्वीच कळवलं होतं : कायद्याने ऐकले तर ठीक, नाहीतर त्यांची गाठ काळ्या दाढीशी किंवा पांढऱ्या दाढीशी, म्हणजे सैतानाशी किंवा देवाशी. ओळखीचाच एकजण लिहून गेलाय की, हा माणूस कायम क्रूर आणि सूड घेणारा, दयामाया बहुतेक नाहीच.

माझा सगळा जीव त्याच्या चिटणिसावर. विल्यम वूस्टर. ऑक्सफर्डला शिकलेला, कागदपत्रांत पहाटेपासून बुडालेला. पास्टनने पत्रात त्याला आदराने ‘मास्टर वूस्टर’ म्हटलं, तर याने उलट लिहिलं : मला वर्षाला पाच शिलिंग मिळतात, हरवलेल्या टोप्यांचे पैसे भागतात तेवढ्यात. मालकांना हे बोललो, तर म्हणाले, तू पाद्री असतास तर तुला एखादं उत्पन्न लावून दिलं असतं. म्हणजे दुसऱ्याच्या खिशातलं! मी गरिबांत राबतोय, नांगराला जुंपलेल्या गुलामासारखा. टोप्यांचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा यांनी आपली टोपी काढून पिशवीत ठेवली.

हाच वूस्टर मालकाच्या मरणानंतर देशभर हिंडला आणि प्रत्येक चर्चची लांबी-रुंदी पावलांनी मोजून वहीत लिहीत गेला. यांना हे फार पटलं. “टेप नसेल तर पावलंच,” म्हणाले.

मरताना फास्टॉल्फची इच्छा होती की, या किल्ल्यात सात धर्मगुरू आणि सात गरीब माणसं ठेवावीत आणि त्यांनी आपल्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना करावी. जॉन पास्टन मृत्युपत्राचा तोंडी मजकूर घेऊन उभा राहिला : शेवटच्या दिवसांत साहेबांनी सगळी जमीन मला दिली. बाकीचे कारभारी म्हणाले, खोटं. त्यांत वूस्टरही. पुढची दहा वर्षं काय झालं ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पास्टन तीनदा तुरुंगात गेला आणि १४६६ मध्ये मेला. १४६९ च्या ऑगस्टमध्ये नॉरफकच्या ड्यूकने तीन हजार माणसं आणून याच खंदकाभोवती वेढा घातला. आत मेलेल्या पास्टनचा मुलगा, धाकटा जॉन पास्टन, आणि तिसेक माणसं. मार्गारेटबाईंनी थोरल्या मुलाला लिहिलं : तुझा भाऊ मोठ्या संकटात आहे, खायला नाही, दारूगोळा नाही, किल्ल्यातला डॉबनी मेलाय. सप्टेंबरअखेर किल्ला गेला. ड्यूक मेल्यावर १४७६ मध्ये तो पास्टनांना परत मिळाला. आणि प्रार्थना करणारे चौदाजण? ती मंडळी केस्टरला कधी आलीच नाहीत. १४७० च्या तडजोडीत मालमत्तेचा मोठा भाग बिशप वेनफ्लीटने ऑक्सफर्डच्या आपल्या मॉडलिन कॉलेजकडे वळवला. फास्टॉल्फचे कागद अजून त्या कॉलेजच्या दप्तरात आहेत.

परतीची बस चुकली, चूक माझी. पुढच्या बसपर्यंत थांब्यावर बसून ब्लोटर नावाची धुरावलेली हेरिंग पावात घालून खाल्ली. काटे फार.

दिवस चौथा : सेंट बेनेट्स

आज लेकीला सुट्टी, त्यामुळे मोटारीने लडमपर्यंत आणि पुढे शेताच्या कच्च्या वाटेने. ब्यूअर नदीच्या काठी, चारी बाजूंना दलदल, मध्ये किंचित उंचवटा. तिथे सेंट बेनेट्सचा मठ होता, राजा कनूटच्या काळातला. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले तेव्हा हा रीतसर मोडलाच नाही. मठाधिपतीला नॉरिचचा बिशप केलं, बिशपच्या गादीचं जुनं उत्पन्न राजाने घेतलं आणि बदल्यात मठाचं उत्पन्न बिशपला दिलं. तेव्हापासून प्रत्येक बिशप इथला मठाधिपतीही असतो. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो शिडाच्या होडीतून येतो आणि उघड्यावर प्रार्थना म्हणतो. आम्ही जूनमध्ये गेलो होतो, तेव्हा फक्त गायी होत्या.

दरवाजाची कमान उभी आहे, आणि अठराव्या शतकात कुणीतरी तिच्या पोटातच विटांची पवनचक्की बांधली. चक्कीची पाती गेली, गोल धड राहिलं. हे त्याच्याभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले, “हे विनापरवाना आहे.”

चर्चचं फारसं काही नाही. गवतात दगडांचे कंगोरे, आणि मुख्य वेदीच्या जागी एक लाकडी क्रूस. फास्टॉल्फने चर्चच्या दक्षिण अंगाला आपल्या खर्चाने नवी ओवरी बांधली होती. मिलिसेंट तिथे आधीच पुरलेली, तिच्या शेजारी त्याला ठेवलं. रोकडही त्याने याच मठात ठेवली होती. किल्ल्यापेक्षा साधूंवर भरवसा जास्त. फ्रान्समध्ये झालेल्या नुकसानीची आणि राजाकडून येणं असलेल्या रकमांची यादी त्याने शेवटपर्यंत अद्ययावत ठेवली होती. अशी खाती आमच्याकडे बुडीत धरून निर्लेखित करतात. इथे ती कुणी केली ते माहीत नाही.

कबरीचा दगड नाही, पाटीवर नेमकी खूण नाही. लेक क्रूसाखाली बसून संत्रं सोलत होती. यांनी पिशवीतून टोपी काढून डोक्यावर घातली, क्रूसापासून पश्चिमेकडे तोंड केलं आणि पावलं मोजायला लागले. मोठ्याने, मराठीत. थोड्या वेळाने डावीकडे वळले, म्हणजे दक्षिणेला, आणि एका गायीपाशी येऊन थांबले. गाय बसली होती. यांनी थोडी वाट पाहिली, मग तिला वळसा घालून दोन पावलं जास्तीची धरली, आणि खिशातली छोटी वही काढून आकडा लिहिला.